सरासरीचा बुधाजी

बुधाजी दिवसातून एकदा जेवत असे. यात आपले काही कर्तृत्व आहे, असे त्याला कधी वाटले नव्हते. पावसाळ्यात होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकल्या, की नागावच्या कोळीवाड्यात बहुतेकांचे तसेच चाले. संध्याकाळी पेज, सोबत भाजलेली सुकट. सकाळी भूक लागलीच तर समुद्राकडे बघायचे.

त्याच सुमारास देशात धान्याची टंचाई पडली आणि गावातल्या नारळ-सुपारी सुधार कचेरीत वरून परिपत्रक आले. वारंवार जेवल्याने माणूस जड होतो व धान्य संपते. सबब कर्मचाऱ्यांनी दिवसातून एकदाच जेवावे. पुराव्यादाखल कचेरीचे सरासरी वजन दर तिमाहीस उतरलेले दाखवावे. ज्या कचेरीचे उतरणार नाही, ती पालीच्या कचेरीत विलीन करण्यात येईल.

कचेरीप्रमुख चांगदेवराव बसले की खाली खुर्ची आहे हे आठवणीने सांगावे लागे. ते गंभीर झाले.

"पालीला गणपती आहे," ते म्हणाले, "पण सुरमई नाही."

(येथे घावने आली.)

घावने संपेपर्यंत 'जेवण' या शब्दाची व्याख्या ठरली. हेडक्लार्क तुळशीराम म्हणजे नियमांचा पेटारा. तो बोटे पुसत म्हणाला, "साहेब, शितावरून भाताची परीक्षा. ज्यात शीत दिसते, ते जेवण. तांदळाचे पीठ झाले, पोहे झाले, की तो नुसता पोटाला आधार. आधाराबद्दल परिपत्रक मौन पाळते."

दुसऱ्या दिवसापासून कचेरी कडकडीत एकवेळ जेवू लागली. सकाळी आल्या आल्या पोह्यांचा आधार. उन्हे वर आली की तांदळाच्या भाकरीचा, सोबत तळलेले बोंबील. दुपारी जेवण, एकदाच. मग जेवणानंतर येणाऱ्या थकव्यावर शहाळे, आणि संध्याकाळी, दिवसभर एवढा संयम पाळला म्हणून, काहीतरी गोड.

तिमाही भरली तेव्हा सरासरी वर गेली होती.

तुळशीराम डगमगला नाही. नुकतेच रत्तल जाऊन किलो आले होते. त्याने जुने वजन रत्तलांत आणि नवे किलोंत लिहून धाडले. आकडा निम्म्याहून खाली आला. वरून अभिनंदन आले. वर कोणीतरी गणित येणारा निघाला असावा, कारण अभिनंदनामागोमाग ताकीदही आली.

"माणसाचे वजन उतरत नाही, साहेब," तुळशीराम म्हणाला. "पण सरासरीचे उतरते. एक हलका माणूस भरून टाकू."

भरती सुकटीच्या वखारीत झाली. तिथला काटा खरा होता. अख्खा कोळीवाडा लोटला. कोणी टोपी काढून काट्यावर चढला, कोणी कमरेचा करगोटासुद्धा काढला. बुधाजीकडे काढण्यासारखे काही नव्हते. तो चढला आणि काटा जवळपास हललाच नाही.

"अनुभव?" चांगदेवरावांनी विचारले.

"व्हडी वलवतो, जाळी विणतो, सायब."

"तो नाही. न जेवण्याचा."

"तो व्हय? तो बारकेपणापासून हाय."

(येथे चहा आला, सोबत बशीत काही.)

"काम काय करायचं, सायब?" बुधाजीने विचारले.

"काही नाही. हलके राहायचे."

सरासरी धाडकन उतरली. कचेरी वाचली. बुधाजीला महिन्याचा पगार मिळाला, आणि इथून घोटाळा सुरू झाला. त्याच्या बायकोने, राहीने, तांदूळ आणले आणि सकाळचीही चूल पेटवली.

"अगं, नको," बुधाजी पेजेकडे बघत म्हणाला. "माझी नोकरी न खायाची हाय."

"मंग पगार कशाला घेतला? चाटायला?" राही म्हणाली. "खा गप."

बुधाजी दारात बसून विचार करू लागला. पगार मिळतो तो न जेवण्याचा. पगार मिळाल्यावर न जेवायचे कसे, हे मात्र त्याला कोणी शिकवले नव्हते. तेवढ्यात पेज निवू लागली. त्याने खाल्ली. दुसऱ्या दिवशीही खाल्ली. महिन्यात गालांवरचे खड्डे भरले, आणि शेजारची सगुणा म्हणाली, "बुधाजी भावजी, तुमी आता फोटोत याल!"

फोटोत येण्याआधी तो काट्यावर आला. या खेपेस काटा हलला.

नोटीस निघाली: *आपण सरकारी पगाराचा विनियोग जेवणासाठी केल्याचे निदर्शनास आले आहे. खुलासा करावा.*

खुलाशाला बुधाजीसोबत राहीही आली, पदर खोचून.

"सायब, मी बी आधारच घेतला," बुधाजी म्हणाला. "सकाळचा आधार, रातचा आधार."

"कशाचा?" तुळशीरामने विचारले.

"पेजेचा."

"पेजेत शीत असते?"

बुधाजी खोटे बोलायला शिकला नव्हता. त्याची नोकरी अजून तात्पुरतीच होती. "तळाला असतं थोडं," तो म्हणाला.

"म्हणजे दोन वेळा जेवलास. गुन्हा कबूल."

"आन तुमच्या बशीत काय हाय ओ?" राहीने विचारले.

"घावन."

"कशाचं?"

"तांदळाच्या पिठाचं. पण बाई, यात शीत दाखव."

राहीने बशीत वाकून पाहिले. खरेच, एकही शीत नव्हते. चांगदेवरावांच्या तोंडात घावन असल्यामुळे त्यांनी मानेनेच निकाल दिला. सेवा समाप्त. मूळ वजनावर आल्यास पुन्हा विचार होईल. तोवर त्याच्या जागी त्याचा चुलतभाऊ सदा; तो नुकताच तापातून उठला होता.

"मंग मी कवा येऊ, सायब?" बुधाजीने विचारले.

"जेवण सुटले की ये."

"ते आजपास्नंच सुटतंय," बुधाजी म्हणाला. "तेवढं काम मी बिनपगारी करतो."

राहीने सकाळची चूल लिंपून ठेवली. कोळीवाड्यात आता उगाच कोणी हळहळत नाही. पाळ्या लागल्या आहेत. सदाचे गाल भरू लागले की बुधाजीचे पुरेसे बसलेले असतात. कचेरीची सरासरी ठीक आहे, पाली लांब आहे, आणि एकवेळ जेवणाऱ्या चांगदेवरावांसाठी रुंद खुर्चीचा प्रस्ताव वर गेला आहे.

आपणही हे वाचता वाचता डाव्या बाजूच्या बशीतून अधूनमधून काही उचललेत. हात आखडू नका, संपवा. आपल्याला कोणी खुलासा मागणार नाही. त्यात शीत नव्हते.