वरच्या फळीची महागाई

त्या महिन्यातही काहीच महाग झालं नव्हतं. नवऱ्याने हे सकाळी चहा घेता घेता, बायकोकडे न बघता जाहीर केलं. तो भावमापन कार्यालयात उपसंचालक होता. शहरातल्या ठरावीक वस्तूंच्या किमती दरमहा मागवायच्या, त्यांची सरासरी काढायची आणि महागाईचा निर्देशांक मोठ्या साहेबांपुढे ठेवायचा, हे त्याचं काम. कॉलनीत त्याला सरासरीसाहेब म्हणत. हे कौतुकाने म्हणतात, असा त्याचा समज होता.

घरखर्चालाही त्याने एक शास्त्रीय तत्त्व लावलं होतं. निर्देशांक जेवढा चढेल तेवढाच घरखर्च वाढेल. लग्न नवं होतं तेव्हा बायकोने हे आनंदाने कबूल केलं होतं. निर्देशांकाचा बाजाराशी काहीतरी संबंध असतो, असं तिला तेव्हा वाटत होतं. तेव्हापासून घरातली तेलाची बाटली लहान होत गेली, दूध पातळ होत गेलं, आणि आता मुलीच्या चष्म्याचा नंबर वाढला होता. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून ती शेजारच्या मुलीचं बघून लिहायची, तिच्या चुकांसकट.

"काचा बदलायला हव्यात. या महिन्यात थोडे वाढवून द्या," बायको म्हणाली.

"कशाच्या आधारावर? साबण, चहा, तेल, सगळं जागच्या जागी आहे."

"कुठल्या जागी?"

हा प्रश्न तिने खवचटपणे विचारला होता, पण सरासरीसाहेबांना त्यात जिज्ञासा दिसली. भाव कुठून घेतात हे गुप्त ठेवायचं, अशी कार्यालयात शपथ असते. पण बायकोने आपल्या कामाबद्दल काही विचारण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे शपथ टिकली नाही. पूर्वी बरीच दुकानं होती, त्याने सांगितलं, पण ती एकेक करून बंद पडली. प्रत्येक वेळी बंद दुकानाचा भार उरलेल्यांवर टाकला. आता मागच्या रस्त्यावर कोपऱ्याला जे किराणा दुकान आहे, तेवढं एकच उरलंय. सगळ्या शहराचा ताप मोजायला एकच थर्मामीटर होता. तो थंड पाण्यात बुडवून ठेवलाय, हे मात्र साहेबांनाही माहीत नव्हतं.

बायको पिशवी घेऊन थेट त्या दुकानात गेली. खालच्या फळ्यांवर तिच्या ओळखीचे, म्हणजे चढे, भाव होते. पण अगदी वर, छताला लागून, एक फळी होती. तिच्यावर एक साबणाची वडी, दंतमंजनाची एक डबी, चहाचा एक पत्र्याचा डबा, तेलाची एक बाटली, ब्लेडची एक पुडी आणि एक बल्ब, असे सहा पाहुणे ओळीने बसले होते. प्रत्येकावर किमतीची पिवळी पडलेली चिठ्ठी होती. किमती वाचून बायकोला आपलं माहेर आठवलं.

"ते वरचं सगळं द्या," ती म्हणाली.

"ते विकायला नाही, वहिनी. ते भाव विचारायला आहे."

दुकानदाराने मग आवाज खाली आणून खुलासा केला. दरमहा कार्यालयाचा कारकून येतो. एखादी वस्तू बंद झाली आणि तिच्याऐवजी नवी धरायची म्हटलं, की त्याला इतके अर्ज भरावे लागतात की त्याची मान धरते. म्हणून दोघांनी मिळून सोय केली. जुनी वस्तू फळीवर, जुनी चिठ्ठी तिच्यावर. कारकून मान वर करतो, भाव लिहितो, पाणी पिऊन जातो. तो यायच्या आदल्या दिवशी दुकानदार फळीवरची धूळ पुसतो. यापलीकडे शहराच्या महागाईला कुणाचा हात लागत नव्हता.

"मी कुणाची बायको आहे माहीत आहे?" बायकोने विचारलं आणि सांगितलं.

दुकानदाराचा चेहरा उतरला. साहेबांनी तपासणीला घरचंच माणूस पाठवलं, असं त्याला वाटलं. तो मुकाट्याने शिडीवर चढला. बायकोने चिठ्ठ्यांवरची किंमत चोख मोजली आणि सगळा निर्देशांक पिशवीत घालून घरी आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरासरीसाहेबांनी न्हाणीघरातून तक्रार केली, की साबणाला फेस येत नाही. चहालाही गवताचा वास होता. बायको म्हणाली, जागच्या जागी राहिलेल्या गोष्टींचं असंच होतं. तो अर्थ न कळताच कार्यालयात गेला.

दुपारी कारकुनाचा फोन आला. "साहेब, फळी रिकामी आहे."

"कुठली फळी?"

सांगण्यावाचून कारकुनाला गत्यंतर नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. साहेबांना आधी राग आला, मग घाम. एखादी वस्तू नसली तर 'तात्पुरती उपलब्ध नाही' असं लिहून काही महिने निभावता येतं. पण एकही वस्तू नसेल तर सरासरी कशाची काढणार? शून्याने भागायला संगणकही तयार होत नाही. आणि उद्या सकाळी मोठे साहेब पत्रकारांना बोलावून भाव स्थिर असल्याचं सांगणार होते.

"कुणी नेलं सगळं?" त्याने विचारलं.

"एक बाई होत्या," कारकून म्हणाला. मग त्याने दुकानदाराकडून मिळालेला पत्ता सांगितला. पत्ता साहेबांच्या घरचा होता.

साहेब कारकुनाला बरोबर घेऊन घरी आले. बायकोने दोघांनाही बसायला सांगितलं, चहा हवा का विचारलं. दोघेही नको म्हणाले.

"वस्तू परत दे," साहेब म्हणाले.

"परत नाही. विकत देईन."

"चिठ्ठीवर लिहिलीय तेवढी किंमत देतो."

"त्या किमतीला बाजारात मिळतं का बघून या. मी थांबते."

साहेबांनी सरकारी कामात अडथळा वगैरे शब्द काढून पाहिले. शेवटी पैशाचं पाकीटच काढावं लागलं. बायकोने खालच्या फळ्यांवरचा भाव धरला, त्यात वस्तू दुर्मिळ असल्याचं थोडं घातलं, आणि शेवटी चिठ्ठीच्या तिप्पट किमतीला सौदा ठरला. साहेबांनी पैसे मोजले. वस्तू बायकोने स्वतःच्या हाताने पिशवीत भरून दिल्या. साबणाची वडी एका बाजूने झिजली होती, पण साहेबांच्या अंगावर झिजल्यामुळे त्यांना बोलता येईना.

कारकून मात्र लिहीत होता.

"काय लिहिताय?"

"भाव, साहेब. वस्तू त्याच आहेत, म्हणजे अर्जांची भानगड नाही. आणि व्यवहार डोळ्यांदेखत झाला, तर चिठ्ठीवरची किंमत सोडून प्रत्यक्ष दिलेली किंमत धरायची, असा नियम आहे."

"कुणी केला हा नियम?"

"तुम्हीच, साहेब. ढाल मिळाली होती त्यासाठी."

ढाल समोरच, टीव्हीवर होती. कारकुनाला थांबवायचं तर त्या फळीची गोष्ट लेखी कळवावी लागली असती. ढाल कशासाठी मिळाली, याचीही मग चौकशी झाली असती. साहेबांनी ढाल भिंतीकडे वळवून ठेवली.

संध्याकाळी आकडा मोठ्या साहेबांपुढे गेला. निर्देशांक एका महिन्यात तिप्पट झाला होता. मोठे साहेब आधी लाल झाले. मग त्यांच्या ध्यानात आलं की सगळ्या कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता याच आकड्यावर ठरतो, आणि आपणही कर्मचारीच आहोत. त्यांनी आकडा पुन्हा वाचला. या वेळी त्यांना त्यात सामान्य माणसाची व्यथा दिसली. त्यांनी सही केली आणि सकाळी पत्रकारांपुढे सरासरीसाहेबांच्या निर्भीड मोजमापाचं कौतुक केलं. भत्ता वाढल्याची बातमी ऐकून कोपऱ्यावरच्या दुकानदाराने खालच्या फळ्यांचे भाव तेवढे वाढवून घेतले.

घरी तत्त्व तत्त्वच होतं. निर्देशांक चढला, म्हणून घरखर्चही चढला. मुलीला नव्या काचा मिळाल्या आणि ती स्वतःच्या चुका करू लागली.

पुढच्या महिन्यात सरासरीसाहेबांनी चहा घेता घेता सांगितलं, की भाव पुन्हा स्थिर झाले आहेत. फळी परत भरली होती, नव्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या, झिजलेली वडी चांगली बाजू रस्त्याकडे करून बसली होती.

"फक्त तो बल्ब सापडत नाही," ते म्हणाले. "तात्पुरता उपलब्ध नाही असं लिहिलंय, पण ते किती दिवस चालणार?"

"बाबा, तो बघा," मुलगी म्हणाली. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या वर, डब्यांमागे लपवलेला बल्ब तिला आता इतक्या लांबूनही दिसत होता.

साहेब उठले. बायकोने पोळपाट बाजूला ठेवून कपाटाला पाठ लावली.

"केवढ्याला देणार?" साहेबांनी विचारलं.

"अजून ठरवलं नाही," ती म्हणाली. "आधी हिच्या बुटांची किंमत कळू दे."