एकटं ठेवण्यास मनाई

ग्लारुसजवळच्या एका खेड्यात मंगळवारी सकाळी रेगुला आजींकडची वेरेना नावाची गिनी पिग वारली आणि त्याच क्षणी तिचा जोडीदार फ्रिडोलिन बेकायदेशीर ठरला. स्वित्झर्लंडात गिनी पिग एकटं ठेवता येत नाही. त्याला एकटेपणाच्या यातना होतात, आणि यातना कायद्याला खपत नाहीत.

गुरुवारी प्राणिकल्याण खात्याचे निरीक्षक एशलिमान दारात हजर! बूट काढून ते दोन तास पिंजऱ्यापुढे जमिनीवर बसले.

"एकटाच जेवतो?"

"हो."

"खिडकीकडे बघत बसतो?"

"दिवसभर."

"अरेरे!" एशलिमान यांनी रुमाल काढला. "आठ दिवसांत जोडीदार आणा, नाहीतर याला आम्ही घेऊन जाऊ."

आजींनी पिंजरा जवळ ओढला. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगा लांब बाझेलला. घरात दुसरा जीव होता तो एवढाच.

"आणते हो साहेब. पण हा म्हातारा. उद्या हा गेला की नवी एकटी पडणार, मग तिला आणखी एक. मी चौऱ्याऐंशीची. मी मरायचं तरी कधी?"

निरीक्षकांनी नियमावली चाळली. "पिंजऱ्यात एक जरी जीव शिल्लक असताना मालकाने मरणे टाळावे," त्यांनी वाचून दाखवलं.

"अहो, मीसुद्धा एकटीच जेवते, खिडकीत बसते. माझ्याही नावाचा अर्ज भरा की!"

"प्राण्यांच्या यादीत माणूस नाही, आजी."

"मग लिहा, मोठं गिनी पिग!"

एशलिमान माणूस सरळ. त्यांनी खरंच लिहायला घेतलं, पण अडले. "याला शेजाऱ्यांची तक्रार लागते. फ्रिडोलिनसाठी अकरा आल्यात. एकीवर तर आसवांचे डाग आहेत."

"आणि माझ्यासाठी?"

त्यांनी फाइल दोनदा उलटीपालटी केली. "एक आहे. तुम्ही घरात एकट्याच मोठ्यानं बोलता, त्याचा त्रास होतो म्हणे."

आजींनी उठून खिडकी लावून घेतली.

रविवारी नवी गिनी पिग आली, आणि अकराही शेजारी गाजरं घेऊन लोटले. नऊ वर्षांत पहिल्यांदा घर माणसांनी भरलं. आजी हरखून गेल्या. कॉफी ठेवली, अक्रोडाचा केक कापला. कुणाशी आधी बोलू नि काय बोलू असं झालं त्यांना.

"अगं बाई, कसे बिलगून बसलेत बघा! जीव निवला!" म्हणत सगळ्यांनी डोळे पुसले आणि फोन काढले.

"आजी," शेजारीण उर्सिना प्रेमानं म्हणाली, "जरा बाजूला होता का? फोटोत येताय."