सजीव कडी

आमच्या बागेच्या फाटकाची कडी तुटली, ही तशी किरकोळ गोष्ट. फाटकाबाहेर लगेच रस्ता आहे आणि त्यावरून सिमेंटचे ट्रक जातात, हीही तशी किरकोळच. ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याने फाटक सताड उघडतं, एवढंच. पण माझी लेक चिमणी नुकती चालायला लागली आहे. तिला फक्त उतारावरून, सरळ आणि न थांबता चालता येतं. बागेचा उतार फाटकाकडे आहे.

म्हणून आम्ही आयांनी एक सोय केली. मुलं खेळतात तोवर आळीपाळीने एकीने फाटकाला पाठ लावून उभं राहायचं. माझी पाळी नसली तरी माझं निम्मं लक्ष जी उभी असेल तिच्या पाठीवर. ती चप्पल नीट करायला वाकली, की मी फाटकाकडे धाव घ्यायची.

समोर वेल्डरचं दुकान आहे. त्याला विचारलं.

"वहिनी, चहा उकळेपर्यंत बसवून देतो," तो म्हणाला. "पण बाग सगळ्यांची. उद्या कुणी विचारलं, कुणाला विचारून लावलीस, तर मी कुणाचं नाव सांगू?"

बाग सांभाळणाऱ्या महिला मंडळाच्या अध्यक्ष काकूंचं म्हणणं होतं, की गावात फाउंडेशन असताना असल्या गोष्टी परस्पर करू नयेत. बिस्किट कारखान्याच्या मालकांनी आईच्या स्मरणार्थ काढलेलं हे फाउंडेशन स्थानिक संस्थांच्या लोकोपयोगी कामांना अनुदान देतं. आम्ही दोघी गेलो. तिथले कार्यक्रम अधिकारी अतिशय नम्र होते.

"कडी ही वस्तू झाली, ताई. आम्ही वस्तूला नाही, बदलाला अनुदान देतो. कडीने काय बदलेल?"

"फाटक बंद राहील."

"ते आत्ताही बंद असतं ना?"

"आम्ही उभ्या राहतो म्हणून."

"बरं, आजवर किती मुलं रस्त्यावर गेली?"

"एकही नाही."

त्यांनी खेदाने मान हलवली. "म्हणजे गरज सिद्ध होत नाही."

काकू माझ्या कानाशी लागल्या. "एखादं सांगायचंस. थोडंसं गेलेलं."

आम्ही उठलोच होतो, तेवढ्यात त्यांनी थांबवलं. "उभ्या राहता म्हणजे नेमकं काय करता?"

दुसऱ्या दिवशी ते पाहायलाच आले. फाटकाला टेकलेल्या आईकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग चारी बाजूंनी तिचे फोटो काढू लागले. लोकसहभागातून उभी राहिलेली, विजेविना चालणारी, मायेचा ओलावा असलेली सुरक्षा यंत्रणा त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. 'सजीव कडी' हा उपक्रम त्याच आठवड्यात मंजूर झाला. अनुदान उभं राहण्यासाठी मिळालं.

पहिल्यांदा प्रशिक्षण झालं. बाहेरगावाहून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी 'उभं राहण्याची मानसिकता' या विषयावर बसून व्याख्यान दिलं. सगळ्या कड्या सभागृहात असल्यामुळे फाटकावर कोणी नव्हतं. वेल्डरने बाकडं आडवं टाकून वेळ निभावली.

मग जॅकेटं आली. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'मी कडी आहे' आणि खाली फाउंडेशनचं नाव. पाठ फाटकाला टेकलेली असल्याने ते कुणालाच वाचता येईना. अधिकाऱ्यांनी तोडगा काढला.

"ताई, तुम्ही तोंड रस्त्याकडे करा. फाटकाला पोट लावा. म्हणजे लाभार्थ्यांना नाव दिसेल."

"लाभार्थ्यांना अजून वाचता येत नाही," मी म्हटलं. "आणि मग मला लाभार्थी दिसणार नाहीत."

"पण तुम्ही त्यांना दिसाल. हा मोठा दिलासा असतो."

रात्री सासूबाईंनी जॅकेट उलटंसुलटं करून पाहिलं. "एवढ्या कापडात कडी आली असती गं," त्या म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या.

एके दिवशी सकाळी बागेत गेले तर फाटकाला कडी. कोरी, घट्ट, खट्ट आवाज करणारी. वेल्डर दुकानातून बघत नसल्यासारखं बघत होता. चिमणी उतारावरून सरळ आली, फाटकावर आदळली, खाली बसली आणि हसली. मी कितीतरी दिवसांनी बाकड्यावर टेकले.

दुपारी अधिकारी आले. त्यांचा चेहरा पडला होता. "हा उपक्रमाच्या मुळावरच घाव आहे. लोखंडाची कडी असताना सजीव कडी कशासाठी, असं विश्वस्त विचारतील. मी काय सांगू?"

"बसवली कुणी?" काकूंनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "काढायला सांगा त्यालाच."

"काकू, पोरगी रस्त्यावर जाईल."

"तू उभी आहेस ना?" त्या प्रेमाने म्हणाल्या. "शिवाय पुढच्या वर्षी शेजारच्या गावात प्रात्यक्षिक करायचं आहे. तिथल्या फाटकाची कडी चांगली आहे, पण तिथले लोक ती काढून घेणार आहेत."

वेल्डरने कडी कापली. बसवण्याची मजुरी त्याने घेतली नव्हती. काढण्याची त्याला 'अडथळा निर्मूलन' या सदराखाली मिळाली. ती खिशात घालताना तो माझ्याकडे बघेना.

आता फाउंडेशनला उपक्रमाची यशकथा हवी आहे. "तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच लिहा," अधिकारी म्हणाले. "जरा हलकीफुलकी करा, म्हणजे लोक शेवटपर्यंत वाचतात. आणि जो शेवटपर्यंत वाचतो, तो आमच्या नियमांप्रमाणे लाभार्थी धरला जातो."

ती ही यशकथा. मोबाइलवर लिहिते आहे, फाटकाला पोट लावून, रस्त्याकडे तोंड करून. चिमणी पाठीमागे कुठेतरी आहे. तिला खेळताना आवाज करायची सवय नाही.

आपण इथवर वाचलंत, म्हणजे लाभार्थ्यांत आपली भर पडली. मध्ये दोन-तीनदा हसलाही असाल. तेवढा वेळ तिच्याकडे कोण बघत होतं?