बारीक तारेवरचा अन्याय

विषमता कोणत्याही संस्थेला आतून पोखरते; ती दूर करायला निघालेला माणूस उरलेले काम बाहेरून करतो.

जमीन मोजणी कार्यालयाच्या वाद्यवृंदात माझा थोरला भाऊ अकरा वर्षे बास गिटार वाजवतो. (बास गिटार म्हणजे चार तारांचे ते वाद्य, जे बंद पडल्याशिवाय चालू होते हे कुणाला कळत नाही.) दादा पेशाने मोजणीदार. दोन कुंपणांतला चार बोटांचा फरक त्याला रस्त्यावरून दिसतो. आपली सर्वांत बारीक तार बाकीच्या तिघींपेक्षा हळू बोलते, हे मात्र त्याला अकराव्या वर्षी कळले. सरकारी कामात ही गती समाधानकारक मानतात.

कळण्याचे कारण असे, की वार्षिक कार्यक्रमात यंदा प्रथमच त्याला वीस सेकंद एकट्याने वाजवायचे होते. (वाद्यवृंदप्रमुख असलेले आमचे साहेब निवृत्त होणार होते, त्यामुळे ते सगळ्यांशी चांगले वागत होते.) आणि ते वीस सेकंद नेमके बारीक तारेवर होते.

दादाने मोबाइलवर आवाज मोजून तक्ता केला. जाड तार एक्याऐंशी, दुसरी एकोणऐंशी, तिसरी चौऱ्याहत्तर, बारीक बासष्ट. मग नव्या तारा बसवल्या. बोटाला फोड येईपर्यंत जोर लावून पाहिला. शेवटी वहिनीला घराच्या चार कोपऱ्यांत आळीपाळीने बसवून लेखी अभिप्राय मागवला. तिने चारही वेळा एकच लिहिले : "मिक्सर चालू होता."

वाद्यदुरुस्तीवाल्याने गिटार मांडीवर घेतली. तारांखाली एक काळी पट्टी असते, ती तारांचा आवाज टिपते. पट्टीच्या दोन टोकांना दोन स्क्रू. टोक तारेजवळ आले की आवाज वाढतो, लांब गेले की कमी होतो.

"बारीक तारेकडचं टोक पार तळाला गेलंय," तो म्हणाला. "आपोआप जात नाही हे असं. कुणीतरी मुद्दाम नेलंय."

त्याने पाव-पाव फेरा करत स्क्रू वर आणला. चारही तारा एका आवाजात बोलू लागल्या. दुसऱ्या दिवशी दादा तालमीला छाती काढून आला, दोन गाणी वाजली आणि साहेबांनी हात वर केला.

"स्क्रू कुणी फिरवला?"

"दुरुस्ती करून घेतली, साहेब."

"अहो, तो आम्हीच खाली नेला होता. सहा वर्षं झाली. सर्वानुमते." साहेबांचा आवाज फार मऊ झाला. "त्या तारेवर तुम्ही चुकता. सांगून तुमचं मन कशाला दुखवायचं?"

दादाने ठरावाची प्रत मागितली नाही, यावरून त्याला किती लागले असेल याची कल्पना यावी. घरी तो जेवला नाही. वहिनीला म्हणाला, "मी चुकतो का गं?"

"बारीक तारेवर? हो. बोट एक घर पुढे पडतं तुमचं."

"तू तरी सांगायचंस!"

"ऐकू कुठे येत होतं? काल आलं."

पुढचे दोन आठवडे दोघे रोज जेवणाआधी बसली. वहिनी शिवणाचा खडू घेऊन गिटारीच्या दांड्यावर खूण करायची, दादा तिथे बोट ठेवायचा, चुकायचा, चिडायचा, पुन्हा ठेवायचा. कार्यक्रमात ते वीस सेकंद त्याने बिनचूक वाजवले. (सभागृहाचा समज झाला की गायिकेचा माइक गेला आहे, आणि लोक समजूतदारपणे थांबले.) साहेबांनी मात्र वळून पाहिले आणि मान डोलावली. पडद्यामागे दादा गिटार पुसायच्या फडक्याने डोळे पुसत होता.

मी त्याच वाद्यवृंदात नऊ वर्षे खंजिरी वाजवतो. (स्क्रूच्या त्या सर्वानुमते ठरावाला मला कुणी बोलावले नव्हते.) त्या दिवशी सहज म्हणून माझ्या माइकची वायर कुठे जाते ते पाहायला गेलो. ती कुठेच जात नाही. व्यवस्थित गुंडाळून, दोऱ्याने बांधून ठेवली आहे. गाठ जुनी आहे.

मी ती सोडली नाही. विचारलेही नाही. तालमीत माझ्याकडे बघून सगळे किती प्रेमाने हसतात, हे मला आता नव्याने दिसते.

वाचकहो, आपली गोष्ट वेगळी आहे. आपण बोलू लागलात की घरातले सगळे शांत बसून ऐकतात, कुणी मध्ये तोंड घालत नाही, कुणी कधी चूकही काढत नाही. अभिनंदन!