सातशेपटी राणीचे गुणदोष

एका जंगलात, मुलांनो, एक साळू राहत होती. साळू म्हणजे साळिंदर. तुम्हाला ते ठाऊक असेलच. पण तुमच्यातली बरीच मुलं आता पन्नाशीला आली आहेत आणि अलीकडे त्यांना चष्मा कुठे ठेवला तेही आठवत नाही, म्हणून सांगितलं.

या साळूचं नाव द्वारकाबाई. द्वारकाबाई चित्रकथा काढायच्या. सागाच्या पानावर, जांभळाच्या रसात, स्वतःच्या पाठीवरचा काटा बुडवून.

त्यांच्या मालिकेचं नाव 'सातशेपटी राणी'. राणी रानमांजराच्या जातीची. शेपट्या सात आणि प्रत्येक शेपटीत वेगळी जादू. तिचा वैरी अर्धा मगर आणि अर्धा ढग. पाण्यात असला की हाती लागायचा नाही आणि आभाळात गेला की दिसायचा नाही. अकरा भागांत राणीच्या सहा शेपट्या कापल्या गेल्या होत्या. आता एकच उरली होती आणि सगळं जंगल त्या एका शेपटीवर जीव टांगून बसलं होतं.

मालिकेवर ठळक लिहिलेलं असायचं, 'फक्त प्रौढांसाठी'. कारण राणी लुगडं नेसायची. आता हसू नका. त्या जंगलात कोणीच कधी काही नेसलं नव्हतं. हिरव्या काठाचं लुगडं नेसलेली मांजर बघून भल्याभल्यांचे कान तापायचे. नवा भाग उंबराखाली टांगला की आया पिल्लांचे डोळे झाकायच्या आणि स्वतः वाकून बघायच्या. आम्ही फक्त लढाया बघतो, असं सगळे सांगायचे. लुगड्याचं पान तेवढं सगळ्यात आधी मळायचं.

प्रौढ कोण, यावरही वाद व्हायचे. एक चिलट सकाळी जन्मलं, दुपारी प्रौढ झालं आणि सगळे भाग वाचून गेलं. कासव अडतीस वर्षांचं होतं. त्याला मोठं झाल्यावर ये म्हणून परत पाठवलं.

असो. आपली गोष्ट काट्यांची आहे.

एका भागाला तीस-चाळीस काटे झिजायचे. गळलेल्या काट्यांवर भागेना, म्हणून द्वारकाबाई पाठीवरचे उपटायला लागल्या. तिसऱ्या भागापर्यंत त्यांची पाठ निम्मी उघडी पडली. हे त्यांच्या आधी दौलतरावांच्या लक्षात आलं. दौलतराव म्हणजे बिबट्या. ते एका दुपारी आले आणि समोर बसले.

"बाई," ते म्हणाले, "स्पष्टच सांगतो. मी तुम्हाला खाणार आहे."

"आत्ता?"

"आत्ता कसं खाऊ? राणीची तिसरी शेपूट कोणी कापली ते कुठे कळलंय? मालिका संपू द्या. मग निवांत खाईन."

तेव्हापासून दौलतराव प्रत्येक भाग वाचायचे, मान डोलवायचे, द्वारकाबाईंच्या पाठीकडे एकदा बघायचे आणि जायचे. वाचक म्हणून त्यांच्यात काही खोट नव्हती.

उपटलेला काटा पुन्हा उगवतो, पण टणक व्हायला वर्ष लागतं. म्हणून मालिका लांबवणं भाग होतं. अडचण अशी, की द्वारकाबाईंना शेवट सापडला होता. तीन वर्षांपूर्वीच, पाणी पिताना. इतका चांगला शेवट होता की त्यांना स्वतःलाच रडू आलं होतं. तो काढावा म्हणून हात शिवशिवायचे आणि काढला की आपण संपलो, हेही कळायचं. बाई चारी बाजूंनी कोंडीत सापडल्या होत्या.

तशात वनसाहित्य मंडळाने ठरवलं की बारावा भाग टांगण्याआधी मालिकेची समीक्षा झाली पाहिजे. समीक्षा अर्थातच प्राध्यापक बगळे यांनी करायची. बगळे सर तळ्यात एका पायावर उभे राहून विचार करत. दुसरा पाय ते मतभेदांसाठी राखून ठेवत.

सरांनी रिवाजाप्रमाणे पानाचे दोन भाग केले. एका बाजूला गुण, एका बाजूला दोष. पण पान द्वारकाबाईंपर्यंत पोहोचेतो वाळवीने वरची कड खाल्ली. मथळे तेवढे गेले. खाली मजकूर शाबूत.

डावीकडे होतं: मालिका संपता संपत नाही. नायिका कोणाचं ऐकत नाही. वाचून झाल्यावर अन्न गोड लागत नाही.

उजवीकडे होतं: खलनायक लवकर मरत नाही. लुगड्याच्या निऱ्या फार बारकाईने काढल्या आहेत. पहिल्या भागात, चौथ्या पानावर, राणीच्या मागे शाई सांडली आहे.

द्वारकाबाई पान घेऊन बसल्या. शाई सांडणं हा दोषच. म्हणजे उजवीकडे दोष. पण मग निऱ्या? त्या निऱ्यांना अकरा काटे लागले होते. तो दोष म्हणणाऱ्याच्या डोळ्यांत काटा घालायला हवा. बरं, उजवीकडे गुण धरले तर 'संपता संपत नाही' हा दोष ठरणार. मग मंडळ म्हणणार, बारावा भाग शेवटचा. मग दौलतराव निवांत.

बाई उठल्या आणि तडक तळ्यावर गेल्या.

"सर, यातले गुण कुठले आणि दोष कुठले?"

बगळे सरांनी पान सरळ धरून बघितलं, उलटं धरून बघितलं. त्यांना स्वतःलाच आठवेना. खरं सांगायचं तर त्यांनी फक्त पहिला भाग वाचला होता, आणि त्यातही निऱ्यांच्या पानावर बराच काळ अभ्यास केला होता.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"शाई माझ्याकडून सांडली, सर. तो दोष असणार."

"छे छे. ती सांडलेली शाई नव्हे, बाई. राणीच्या मागे उभं असलेलं ते एक अव्यक्त अस्तित्व आहे. तुम्हाला ते कळणार नाही. तुम्ही फक्त काढलंय."

"आणि संपत नाही, ते?"

"तो उघड दोष. कारण शेवट काय होणार, हे जाणत्याला केव्हाच कळलेलं आहे."

मागे पाण्याचा आवाज थांबला. दौलतराव पाणी पीत होते.

"तुम्हाला शेवट माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

सरांनी मान उंच केली. माहीत नाही, असं ते आयुष्यात कोणाला म्हणाले नव्हते.

"अर्थात. राणी मरते."

दौलतराव शेवटासाठी अकराव्या भागापर्यंत थांबले होते. त्यांनी सरांना एका घासात संपवलं. मग मिशांना लागलेली पिसं पुसत भरल्या डोळ्यांनी द्वारकाबाईंकडे वळले. "खरंच मरते?"

द्वारकाबाईंनी मान फिरवली. कारण राणी खरंच मरत होती. तीन वर्षं जपलेला शेवट त्या बगळ्याने न वाचता, दोन शब्दांत, तळ्यात फेकून दिला होता. त्यांना दौलतरावांची भीती वाटली नाही. त्यांना फक्त भयंकर राग आला.

त्या घरी गेल्या आणि पाठीवरचे होते नव्हते तेवढे काटे उपटले. राणीचं मरण असं दोन शब्दांत पडून राहू द्यायचं नव्हतं. सोळा दिवस त्या काढत होत्या. सतराव्या दिवशी बारावा भाग उंबराखाली टांगला, 'समाप्त' लिहिलं आणि गुळगुळीत पाठीने शेजारी बसून राहिल्या.

दौलतराव आले. सावकाश वाचू लागले. राणी सातवी शेपूट स्वतःच्या हाताने कापते, ती वैऱ्याच्या ढगाला बांधते आणि त्याला खाली ओढत पाण्यात उतरते. शेवटच्या पानावर नुसतं तळं, आणि पाण्यावर पसरलेलं हिरव्या काठाचं लुगडं.

दौलतरावांनी शेवटचं पान पुन्हा एकदा बघितलं.

"मरते," ते म्हणाले. "पण अशी मरते होय."

"हो," द्वारकाबाई म्हणाल्या. "आता खा मला."

"आज नको, बाई. घास उतरायचा नाही."

ते चार दिवस उपाशी होते. हरणं अंगावरून गेली तरी बघत नव्हते. वाचून झाल्यावर अन्न गोड लागत नाही, हा गुण होता, हे द्वारकाबाईंना आता कळलं. पण भूक कोणाची कायमची जात नाही, हेही त्यांना कळत होतं. पाठीवर नुसती लव आली होती.

पाचव्या दिवशी दौलतराव आले. तोंडात पहिल्या भागाचं एक मळकं पान होतं. पान चौथं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि पंजाने दाखवलं.

"बाई, इथे राणीच्या मागे ही काळी कोण उभी आहे? मला वाटतं, बहीण असावी. राणीला बहीण होती ना?"

द्वारकाबाईंनी त्या सांडलेल्या शाईकडे बघितलं. मग दौलतरावांच्या पोटाकडे बघितलं. ते खपाटीला गेलं होतं.

"होती की," त्या म्हणाल्या. "तिला नऊ शेपट्या."

तात्पर्य: चित्रकथा काढता आली नाही तरी चालेल, शाई योग्य जागी सांडता आली पाहिजे. आणि समीक्षकांनी पुस्तक न वाचताच मत द्यावं, ते हमखास बरोबर येतं. फक्त देताना जवळपास कोणी वाचक पाणी पीत नाही ना, एवढं बघून घ्यावं.