कमरेभोवती दोन गॅलन

ट्यूबला तोंड एकच असतं.

हंगामी कारकुनाला राज्याच्या नकाशाबद्दल मत नसतं.

वज्रेश्वरीला नदी आहे.

झेंडूची माळ सदऱ्याला डाग पाडते.

आता सांगतो. लांबच्या सायकल-सहलीचं शास्त्र अख्ख्या मुंबईत कुणाला कळत असेल, तर ते मला! छप्पन्न साली मी हे छातीठोकपणे सांगत असे. रविवार-सोमवार जोडून सुट्टी आली, तशी ठाकूरद्वारला बसून मी योजना आखली. मी, घोडपदेवचा राजाराम आणि लालबागचा गुणाजी. सायकलने वज्रेश्वरी, नदीकाठी तंबू. आणि माझा खास शोध : मोटारीच्या जुन्या ट्यूबमध्ये दोन गॅलन पाणी भरायचं आणि ती सदऱ्याखाली कमरेला गुंडाळायची. वर गारवा फुकट!

"नदीवर पाणी घेऊन चाललास?" राजाराम म्हणाला. "आणि कमल्या, आमच्याकडे अशी ट्यूब वेगळीच माणसं बांधतात रे."

"तुम्हा गिरणीवाल्यांना शास्त्र नको!"

जाऊन-येऊन नव्वद मैलांपैकी चौथा मैल. लालबाग. हवालदाराने हात आडवा केला. मी ब्रेक दाबला. मी थांबलो, पोट थांबेना! पखालीसारखं गुडगुडत राहिलं.

"काय आहे?" त्याने दंडुका टोचला.

"पाणी."

"सगळे पाणीच सांगतात. चल चौकीवर!"

दारूबंदीच्या त्या दिवसांत हातभट्टीची दारू अशाच ट्यूबमधून फिरायची. गिरणगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक, ठाकूरद्वारला पत्ता नाही! मी सरकारी कारकून, त्यातही हंगामी. कायम होण्याची ऑर्डर आज येते की उद्या, अशी वाट बघत होतो. पोलिसात नाव गेलं की संपलं!

"तेका न्हेतास तर आमका पण न्हेवा!" गुणाजीने सायकल आडवी घातली.

तीन तरुण, सायकलींवर वळकट्या, मागे पोलीस. लालबागने एका नजरेत ओळखलं : सत्याग्रही! मित्राची दारूवाला म्हणून धिंड निघण्यापेक्षा हे बरं, असं वाटून राजारामनेही मूठ उगारली.

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" चाळीच्या चाळी गॅलरीत आल्या. फुलवाल्या सुंदराबाईने पहिली माळ माझ्याच गळ्यात घातली. पोट बघून मी पुढारी वाटलो असणार!

चौकीच्या पायरीवर फौजदार आला. गर्दी बघून त्याचा चेहरा उतरला.

"सत्याग्रही काय रे?"

आमच्या ऑफिसात दारू पिऊन सापडलेला एक जण दंड भरून परत खुर्चीत बसला होता. घोषणा दिलेले दोघे अजून परत बसायचे होते.

"नाही साहेब!" मी किंचाळलो. "दारूच आहे! हातभट्टीची!"

राजारामची मूठ हवेतच राहिली. सुंदराबाई पुढे आली, तिने माझ्या गळ्यातली माळ ओढून काढली.

"माझी फुलं बाटवलीस, मुडद्या!" आणि ती राजारामच्या गळ्यात घातली.

फौजदाराने ट्यूबचं तोंड सोडलं, ओंजळीत चार थेंब घेतले, चाखले आणि थुंकला.

"पाणी! तेही रबराचं! दारू नाही, देशभक्ती नाही. तुला आत तरी कशासाठी घालू? चालता हो!"

पुढे चाळीस मैल कोणी माझ्याशी बोललं नाही. संध्याकाळी वज्रेश्वरीला तानसा नदीच्या काठी तंबू लागला. मी बाहेर दगडावर बसलो. राजारामने भाकरी-सुकट पुढे सरकवलं.

"जेव, दारूवाल्या."

"तुला राग नाही आला?"

"आला ना. भिवंडीपर्यंत होता. मग चढ लागला."

"भितूर ये मरे," आतून गुणाजी म्हणाला, "डास चावतले."

माझ्या कायम होण्याच्या ऑर्डरीवर साहेबांची सही आम्ही निघण्याआधीच, शुक्रवारी दुपारी झाली होती.