ठग आला नसंल

आमच्या बेळगावच्या शहापुरात कुठलीही गोष्ट वेळेवर झाली नाही, की परसूअण्णांकडे तिचं कारण तयार असे. लग्नाचा मुहूर्त टळायची वेळ आली आणि नवरदेवाचा पत्ता नाही? "ठग आला नसंल." देवळात माणसं जमली आणि कीर्तनकार अजून जेवतच बसलेत? "ठग आला नसंल." एवढं बोलून अण्णा मान डोलवत आणि आता यात न कळण्यासारखं काय राहिलं, असा चेहरा करून चालू लागत. ऐकणारा बिचारा आपला खिसा चाचपत उभा.

मी तेव्हा कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, एका कापडाच्या दुकानात कामाला होतो. राहायला शहापुरात, अण्णांच्या भिंतीला भिंत लावून. त्यांचा हातमाग सुरू झाला की आमच्या घरातली भांडी फळीवर नाचत. बायकांची सुती लुगडी विणावीत तर अण्णांनीच. काठ असा नेमका की व्यापारी मुकाट्यानं घेऊन जात. विणणं जितकं सरळ, बोलणं तितकंच गुंत्याचं. गुंता सुरू होण्यापूर्वी एक वाक्य ठरलेलं असे: "सोपं हाय, ध्यान दिऊन ऐक."

हे वाक्य ऐकलं की समजावं, आता आपलं काही खरं नाही.

एकदा धीर करून मी विचारलंच, "अण्णा, हा ठग कोण?"

"सोपं हाय, ध्यान दिऊन ऐक. आपला किल्ला बगितलास न्हवं? तेवढी थोरली बोट. आता ती पाण्यात हुबी हाय. तिला भाईर काढायची झाली तर कशी काढशील?"

"किल्ला बाहेर कशाला काढायचा?"

"किल्ला न्हवं रं, बोट!"

"मग किल्ला कुठं गेला?"

"किल्ला हाय तितंच हाय!" अण्णा वैतागले. "बोटीत इंजिन हाय, लई दांडगं हाय. पर तिला आपल्या आपण जागचं हलता येत न्हाय. मागावरचा धोटा आपल्या आपण पळतोय व्हय? दोरी वढाय लागती. तसं बोटीला ठग लागतो. एक ठग फुडनं वढतो, एक मागनं. आन् भरती पायजे. भरती न्हाय तर ठग येऊन बी उपेग न्हाय."

"भरती? कसली भरती?"

"कसली म्हंजे? तुझ्या कॅम्पात हुती तीच!"

कॅम्पात भरती म्हणजे पलटणीची. खेड्यापाड्यांतली पोरं उघड्या अंगानं रांगेत उभी, सुभेदार फीत लावून छात्या मोजतोय. म्हणजे किल्ल्याएवढी बोट, तिला पुढून आणि मागून दोन ठग धरून, आणि काठावर छाती फुगवून उभी आमची भरती. हे चित्र डोळ्यांपुढे आणून मी घरी गेलो आणि बायकोलाही समजावून सांगितलं. ती म्हणाली, दुकानात आज फार ऊन लागलं का.

या सगळ्याची सुरुवात ताराच्या जाण्यापासून झाली होती. तारा ही अण्णांची एकुलती एक लेक. ती पाच वर्षांची असताना आई गेली. अण्णांनी दुसरं लग्न केलं नाही. मागाशेजारी पोरीला बसवून वाढवली. सुताच्या कांड्या तीच भरून द्यायची. लग्न झालं आणि जावयाला आफ्रिकेत मोंबाशाला रेल्वेच्या कोठारात नोकरी लागली. वर्षभरात तो बायकोला न्यायला आला. अण्णा दोघांना पोचवायला मार्मागोव्याच्या बंदरापर्यंत गेले आणि एकटे परत आले. आले ते हा ठग घेऊनच.

तेव्हापासून त्यांच्याकडे दुसरा विषय नाही. बोट का सुटली नाही, किती अडली, कोण काय म्हणालं, हे ते कुणालाही सांगत. तारा परत कधी येणार, येणार की नाही, हे मात्र ना स्वतः बोलत, ना कुणाला विचारत. आम्ही कुणी ताराचं नाव काढलं, तर अण्णा लगेच भरतीवर यायचे.

समोरच्या बाळाक्कांना ऐकू कमी येई. अण्णा एकदा त्यांच्या ओट्यावर बसून सांगत होते, "ताराची बोट धक्क्याला अडाकली गं आक्का. निघता निघंना."

"आगं बया! कुठलं बोट?" बाळाक्का कळवळल्या.

"थोरली बोट गं. चार माळ्याची."

"अंगठा व्हय? मग खोबऱ्याचं त्याल लावायचं न्हाय का?"

"त्याल कशाला? ठग आला की सुटली!"

"ठगाकडनं सोडवून घेतलंसा?" बाळाक्का गालाला हात लावून म्हणाल्या. "परसू, तुझी अक्कल कुठं गेलती रं? शेजारी वैद्य नव्हता काय कुणी?"

पुढचे आठ दिवस गल्लीतल्या बायका अण्णांकडे ताराच्या अंगठ्याची चौकशी करत होत्या. अण्णा म्हणत, "हिकडच्या मान्सास्नी समुद्राचं काय कळत न्हाय."

पण कहर झाला तो बेळगाव स्टेशनावर. दुकानाच्या कामासाठी मला पुण्याला जायचं होतं आणि अण्णा पोचवायला आले होते. लोंढ्याकडून येणारी गाडी लेट. फलाटावर गर्दी. कुणीतरी म्हणालं, गाडी का आली नाही कोण जाणे. झालं! अण्णांनी खड्या आवाजात जाहीर केलं, "ठग आल्याबिगर कशी हालंल?"

शेजारी निपाणीचे तंबाखूचे एक व्यापारी ट्रंकेवर बसले होते, ते उठून ट्रंकेवर आडवेच झाले. दोन बायकांनी गळ्यातलं पदराखाली घेतलं. तेवढ्यात पोलीस आला. चांगला मिशाळ, कानडी गडी.

"यारप्पा ठग? कोन हाईत? किती जन हाईत?"

"दोन," अण्णा उत्साहानं म्हणाले. एवढ्या आस्थेनं आजवर कुणी विचारलं नव्हतं. "एक फुडं, एक मागं."

"हत्यार काय?"

"दोरखंड. ह्ये असं, मनगटाएवढं जाड."

"कुनाला गाठत्यात?"

"बोटीला. बायामान्सं, पोरंबाळं घिऊन निगालेल्या."

पोलिसानं दंडुका सावरला. "आनि तितलं पोलीस?"

"पोलीस तितंच हुबं की. अडिवत न्हाईत. कप्तान सोता ठगाला सलाम करतोय. आन् पैसं सरकारच देतंय त्यास्नी."

सरकार ठगांना पैसे देतं, हे वाक्य त्या इंग्रजी अमलात भर फलाटावर उच्चारणं म्हणजे काय, हे सांगायला नको. पोलिसानं अण्णांचं मनगट धरलं. मी मध्ये पडलो, हातापाया पडलो, म्हाताऱ्याची एकुलती एक लेक बोटीनं लांब गेली आहे, तेव्हापासून हे असं चाललंय, असं सांगितलं. त्यानं अण्णांकडे जरा वेळ बघितलं आणि हात सोडला. अण्णा त्यालाही म्हणाले, "सोपं हुतं, तुम्ही ध्यान दिलं न्हाईसा."

मी मात्र पुरता बेजार झालो होतो. सुदैवानं दुकानात गोव्याचा पेद्रू आला. कॅम्पात त्याची बेकरी होती. तरुणपणी तो बोटीवर स्वयंपाकघरात होता. मी त्याला सगळं सांगितलं. ठग, दोरखंड, भरती, किल्ला. तो कापडाच्या गठ्ठ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"ठग न्हय रे बाबा, टग! टग!"

मग त्यानं उलगडून सांगितलं. टग म्हणजे लहानशी पण भलत्या ताकदीची बोट. मोठी बोट धक्क्याला लागून उभी असते. तिची कूस भिंतीसारखी उंच, समुद्रावरून वारा सुटला की त्या भिंतीला रेटतो आणि बोट धक्क्याला चिकटून बसते. सुकाणू असतं, पण ते बोट चालू लागल्यावरच कामाचं. उभ्या सायकलचं हँडल कितीही फिरवा, सायकल वळते थोडीच? म्हणून टग दोर बांधून तिला धक्क्यापासून ओढून काढतो. आणि भरती म्हणजे समुद्राची भरती. ओहोटीला पाणी उथळ, बोटीचा तळ टेकायची भीती. टग एकटा आणि बोटी चार असल्या की बसा वाट बघत. बंदरावर कुणीतरी कोंकणीत म्हणालं असेल, "टग आयलो ना." अण्णांनी ठग ऐकला असेल.

माझ्या डोक्यावरचा किल्लाच उतरला. त्याच दुपारी मी अण्णांकडे धावलो. ते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते.

"अण्णा, ठग न्हाय, टग! ट्रंकेतला ट! बारकी बोट असती ती. आन् भरती म्हंजे पाण्याची भरती, पलटणीची न्हवं!"

अण्णांनी वर न बघता धोटा फेकला. "टगाचं म्हाईत हाय मला."

"म्हाईत हाय? कधीपासनं?"

"त्या दिशीच कळालं. डोळ्यांनी बगितली की ती बारकी बोट. धूर सोडत आलती."

मी खालीच बसलो. आता मला खरोखरच काही कळेनासं झालं. "मग गावभर ठग ठग का करताय?"

माग थांबला. अण्णा काठाचे दोरे उगीचच सारखे करत राहिले.

"बोट लई वेळ हालली न्हाय बग. तारा वर कठड्याशी हुबी, मी खाली. वरडलं तर ऐकू जाईल एवढंच अंतर. आन् मी काय केलं? ह्येला इचार, त्येला इचार, बोट का सुटंना. तिच्याशी काय बोलायचं त्येच सुचंना रं. जाऊ नगं म्हणायचं हुतं. नवऱ्याकडं चाललेल्या लेकीला असं म्हणत्यात व्हय? गाडीत लोंढ्याच्या अलीकडं, गुंजीपतोर ती रडत आलती. लोंढ्याला गाडी बदलली तवापासनं हासत हुती. वरनं हात हालवत हुती. बरं झालं, खुशीत गेली. पर तेवढ्या सगळ्या गर्दीत जायाला तयार न्हवती ती एकटी बोटच. तिला वढून न्हेली. आता वढून न्हेणाऱ्याला ठग न्हाय तर काय म्हणू?"

एवढे दिवस या माणसाला हसत होतो. पेद्रूनं सांगितलेलं उरलंसुरलं बोलून टाकलं.

"अण्णा, बोट परत येती तवा बी त्योच लागतो. भाईरनं धक्क्याला आणून लावतो."

"कोण?"

"टग."

"त्योच?"

"त्योच की."

"म्हंजे आमची तारा येईल तवा..."

तारा येण्याची गोष्ट त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, डोळेही पुसले.

"मी त्येला वरीसभर शिव्या दिल्या रं," ते म्हणाले. "देव त्येच्या पोराबाळांस्नी सुखात ठेवू दे."

टग ही बोट असते आणि बोटीला पोरंबाळं नसतात, हे सांगायला मी तोंड उघडलं. मग म्हटलं, "ठेवील की, अण्णा."